आधी कानामागे

अंबूकाकूंना पहिल्यांदा भेटणारा माणूस आधी माफी मागायचा. कशाबद्दल, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसे. काकूंचे दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी सदा लालबुंद असत आणि वर जाड, जोडलेल्या भुवया. बाई आत्ताच कुणाला तरी फाडून खाऊन आल्यात आणि पुढची पाळी आपली, असं समोरच्याला वाटायचं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले टांगेवाले एरवी कुणाला भीक घालत नसत, पण काकू टांग्यात चढल्या की त्यांनी काही म्हणायच्या आतच टांगेवाला म्हणे, "नाराज मत हो माईजी, घोड़ा अभी दौड़ेगा." काकू मुळीच नाराज नसत. बहुतेक वेळा त्या हसत असत. त्यांचं हसू त्या लालीतून वर यायला जरा वेळ लागे, एवढंच.

जयेंद्रगंजात आमचं आणि त्यांचं घर एकमेकांना लागून होतं. काका दरबारच्या कचेरीत चांगल्या हुद्द्यावर होते. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, पण घर गाजतं असायचं, कारण काकूंना हळू बोलता येत नसे. रोज सकाळी कचेरीच्या वेळेआधी त्यांच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा चर्रकन आवाज यायचा आणि मागोमाग काकांचं खोकणं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की त्या घरात फोडणी काका करतात. कढईची वाफ तोंडावर आली की काकूंच्या गालांची आग आग व्हायची, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांनी काकांनी ते काम आपल्याकडे घेतलं होतं. कचेरीचा अंगरखा खुंटीला, धोतर वर खोचलेलं, डोक्याला पगडी मात्र आधीच बांधलेली, अशा थाटात ते मोहरी टाकायचे. त्या काळी पुरुषाने चुलीपुढे बसणं म्हणजे गल्लीला महिनाभर पुरेल असा विषय. काकूंना त्याचं काही नसे. त्या म्हणायच्या, "सप्तपदीत यांनी सात पावलं टाकली. आठवं चुलीकडे टाकलं. तेच कामी येऊन राहिलंय."

काकूंच्या तोंडाबद्दल लोक काय काय बोलत, ते त्यांच्या कानावर येतच असे. एकदा एका सरदारांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी आईबरोबर गेले होते. काकूंनी कैरीची डाळ हातात घेतली आणि तिखट म्हणून हळूच बाजूला ठेवली. पलीकडे बसलेल्या नव्या पाहुण्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "नाक पाहिलंत? घेतात वाटतं." कुजबुज होती, पण काकूंपर्यंत पोचली. दुसरी कुणी असती तर रडत घरी गेली असती. काकू तिथूनच मोठ्यांदा म्हणाल्या, "घेते ना! रोज घेते. दुपारी लोटाभर ताक आणि संध्याकाळी पुन्हा. आंबट असलं तर चढतंसुद्धा." बायका हसून लोळल्या आणि त्या पाहुण्या बाईच एवढ्या लाल झाल्या की काकूंनी त्यांच्या शेजारी जागा करून घेतली. "या, बसा जवळ. आता जोडी जमली," म्हणाल्या. निघताना त्याच बाई काकूंच्या ओटीत मूठभर जास्त हरभरे घालत होत्या.

मला काकू खऱ्या कळल्या त्या माझं तोंड बिघडल्यावर.

मी तेव्हा मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते. त्या वयात सगळ्यांना येतात तशा मलाही पुटकुळ्या आल्या. तशाच सोडल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण त्याच सुमारास उज्जैनहून माझी आत्या राहायला आली. आत्या जिवाला जीव देणारी बाई. तिला एकच दोष होता, तिला स्वस्थ बसता येत नसे. "लग्नाच्या वयाची पोरगी आणि तोंड असं?" म्हणत तिने हळद आणि लिंबू चोळायला सुरुवात केली. त्याने आग झाली, तेव्हा त्यावर कडुलिंबाचा पाला वाटून थापला. मग तेलात खललेलं गंधक. आईने शेजारपाजारी विचारलं आणि एक लाल साबण आणवला. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाडा चौकातल्या कुणा कंपाउंडरकडून डबीतलं मलम आणलं. त्याने वरची साल निघते आणि खालून नवा कोरा चेहरा येतो, असं त्याने छातीठोक सांगितलं होतं. मी रडायला लागले की आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "आग होते ना? म्हणजे औषध लागू पडतंय."

औषध लागू पडलं. साल निघाली. खालून जो चेहरा आला तो कोरा नव्हता, कच्चा होता. पुटकुळ्या गेल्या, पण गाल आणि नाक शेकल्यासारखे लाल राहिले. साधं पाणी लागलं तरी झोंबायचं. ऊन तर सोडाच, चुलीपुढून नुसतं गेलं तरी तोंड पेटायचं. शाळेत एका मुलीने कळवळून विचारलं, "घरी मारतात का गं तुला?" त्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. माजघराच्या कोपऱ्यात पदर ओढून बसायचे. आरसा मी स्वतःच भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. शिकायची मला मनापासून हौस होती, पण या तोंडाने पुन्हा चार माणसांत जाणं होणार नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. आता वयाच्या या टप्प्यावर ते पोरकट वाटतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं. सगळं संपलं, असंच वाटत होतं.

एका दुपारी काकू आल्या. आत्या नवा लेप खलत होती. काकूंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही गाल नीट निरखले.

"वन्सं, हे काय करून राहिलात?" त्यांनी आत्याला विचारलं.

"औषध आहे. आग होते म्हणजे..."

"आग होते म्हणजे आग होते," काकू म्हणाल्या. "त्याचा दुसरा अर्थ नसतो."

मग त्या तिथेच फतकल मारून बसल्या आणि त्यांनी आपली गोष्ट सांगितली. लग्न होऊन त्या ग्वाल्हेरला आल्या तेव्हा त्यांनाही अशाच पुटकुळ्या होत्या. सासरच्यांनी हौसेने कुणाकडून तरी पाऱ्याचा लेप आणवला होता. सासूबाई मायेने रोज स्वतःच्या हाताने लावायच्या. "नव्या सुनेने नाही कसं म्हणायचं? मी आपली गप. तोंडातून शब्द नाही निघाला, म्हणून तोंड असं झालं," त्या म्हणाल्या. "हिच्या बाबतीत नको. हिला विचारा ना, झोंबतं का ते." आत्याच्या हातातली वाटी खाली गेली. पदराला डोळे पुसत ती म्हणाली, "मी तर तिच्या भल्यासाठीच..." काकू लगेच म्हणाल्या, "अहो, माझ्याही सासूबाई भल्यासाठीच करत होत्या. भल्यासाठी केलेलं जास्त भाजतं, कारण ते कुणी थांबवत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मला पडद्याच्या टांग्यातून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी तपासलं आणि सांगितलं की सगळे लेप बंद करा, साबण बंद करा, ऊन, तिखट आणि धग यांपासून जपा. कातडी नाजूक झाली आहे, तिला सावरायला वेळ द्या. लाली पूर्ण जाईलच असं वचन त्यांनी दिलं नाही. मी परतताना टांग्यात हुंदके देत होते. काकू म्हणाल्या, "सुशे, हे घालवायचं नसतं. हे सांभाळायचं असतं. मी एवढी वर्षं सांभाळून राहिले. काही वाईट नाही चाललं माझं."

मग सुरू झाल्या काकूंच्या घरातल्या दुपारी. बाहेर उन्हाळ्याची गरम लू वाहायची, दारांना वाळ्याचे पडदे, त्यांवर काकू अधूनमधून पाणी शिंपायच्या. मध्ये तांब्याचं ताट. ताटात घरचं साजूक तूप, त्यावर माठातलं गार पाणी, आणि तळहाताने गोल गोल फेटायचं. पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, पुन्हा फेटायचं. शंभरदा धुवायचं, असं जुनी माणसं सांगतात. काकू कधी मोजत नसत. "हात भरून आला आणि तोंडातली गाऱ्हाणी संपली, की समजायचं तूप झालं," त्या म्हणायच्या. आणि खरोखर तसंच व्हायचं. मी फेटता फेटता सगळं बोलून टाकायचे, शाळेचं, मैत्रिणींचं, आरशाचं. काकू मध्ये बोलत नसत. शेवटी ताटात पांढरं, लोण्यासारखं मऊ तूप उरायचं, ज्याला तुपाचा वासही नसे.

पहिलं तूप झालं तेव्हा मी घाईने बोटभर उचललं आणि गालाकडे नेलं. काकूंनी मनगट पकडलं.

"आधी कानामागे."

"कानामागे कशाला? कानाला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणूनच. टिकलीएवढं लाव आणि उद्यापर्यंत वाट बघ. झोंबलं नाही तर गालावर. कानामागून आली नि तिखट झाली, तर कानामागेच थोपवता येते. गालावर आल्यावर कोण थोपवणार?"

हा त्यांचा कायदा होता. नवं काहीही असो, आधी कानामागे. एका वेळी एकच गोष्ट, आणि तिला सवड द्यायची. त्या तर इथपर्यंत जायच्या की गल्लीत नवं भाडेकरू बिऱ्हाड आलं तरी म्हणत, "थांबा जरा. आधी कानामागे लावून बघू." काकांची थट्टाही त्याचीच. "हे आले तेव्हा मी हेच केलं. झोंबले नाहीत, मग ठेवून घेतले." काका वर न बघता तांदूळ निवडत म्हणायचे, "तपासणी अजून चालूच आहे."

माझं तोंड एका रात्रीत बरं झालं नाही. आधी पाणी झोंबायचं थांबलं. मग सोलपटं निघायची थांबली. मग एका सकाळी काकू काळी छत्री घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, शाळा." मी म्हटलं, लाली आहे अजून, लोक बघतील. "बघू दे ना. दोघी आहोत. एकीला बघून झालं की दुसरीकडे बघतील." त्या पदर न ओढता चालल्या. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे बघायचा, दचकायचा आणि वाट सोडायचा. माझ्याकडे बघायला कुणाला उसंतच मिळाली नाही. वर्गाच्या दारापाशी मला सोडताना त्यांनी बाईंना सांगितलं, "हिला खिडकीच्या उन्हात बसवू नका." बाई म्हणाल्या, "माफ करा हं." काकूंनी मला कोपर मारलं आणि दोघी खूप हसलो. मी मॅट्रिक झाले ती त्या छत्रीखालून जाऊन.

रंगपंचमीला काकूंची एक पद्धत होती. टेसूच्या, म्हणजे पळसाच्या, फुलांचा केशरी रंग घेऊन गल्लीतली पोरं घरोघर फिरायची, पण काकूंच्या दारात आली की पिचकाऱ्या खाली जायच्या. काकूंना मात्र रंगाची भारी हौस. त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या, नऊवारी घोट्यापर्यंत वर घ्यायच्या आणि ओरडायच्या, "अरे भित्र्यांनो, पायांवर घाला! तोंडाचं माझं नाजूक आहे, पाय सोशीक आहेत." मग पोरं असेल नसेल ती बादली त्यांच्या पायांवर रिकामी करायची. दिवसभर त्या केशरी पायांनी गल्लीत हिंडायच्या. त्यांच्याबरोबर मीही पाय पुढे करून बसायला लागले.

माझं लग्न ठरलं झाशीच्या एका घरात. बघायला आले तेव्हा दादांनी मला अंधाऱ्या बाजूला बसवलं होतं. काकू आल्या, त्यांनी माझा पाट उचलून उजेडात ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं, "मुलगी लाल होते. उन्हात होते, धगीजवळ होते आणि लाजली की होते. आत्ताच बघून घ्या. नंतर बोलायचं नाही." दादांचा चेहरा पांढराफटक. पण मुलाने मान खाली घालून म्हटलं, "चालेल." लग्न तिथेच जमलं.

विघ्न आलं हळदीच्या दिवशी. हळदीने माझ्या तोंडाचं काय होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून आई आणि काकूंनी ठरवलं होतं की हळद पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना लावायची, गालांना नाही. पण नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन त्याची मामी आली. भली, हौशी बाई, हातात चांदीची मोठी वाटी. हळदीत तेल होतं, कचोरा होता, आणखी कसकसली सुगंधी पूड होती. तिने सरळ ओंजळ भरली. आई चाचरत म्हणाली, "पायांना लावली तर..."

"वा, हे काय नवीन?" मामी म्हणाली. "उष्टी हळद तोंडाला नाही लागली तर अपशकुन होतो. आमच्याकडे नाही चालत बुवा."

आई मागे सरली. वरपक्षाच्या बाईला कोण अडवणार? आत्यासुद्धा माझ्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी अंतरपाट दूर होणार आणि नवऱ्याला माझं पेटलेलं, सुजलेलं तोंड दिसणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझ्या तोंडून शब्द निघेना. मी डोळे मिटून घेतले.

"अहो मामी, थांबा की!" काकूंचा आवाज आला. मी डोळे उघडले तर त्यांनी वाटी स्वतःकडे ओढून घेतली होती. "नवरीचं होत राहील. आधी विहिणी विहिणींची हळद!" असं म्हणून त्यांनी दोन्ही पंजे वाटीत बुडवले आणि स्वतःच्या गालांना, नाकाला, कपाळाला हळद फासली. लगेच दुसरा हात मामीच्या गालांवर. मामी किंचाळली, हसली आणि तिने उलट काकूंच्या हनुवटीला फासली. मग काय, सगळा मांडव उठला. जो तो वाटीत हात घालून दुसऱ्याला माखू लागला. वाटी तळाला गेली तेव्हा काकूंनी राहिलेली हळद बोटांनी निपटून घेतली, माझ्यापुढे बसल्या आणि माझ्या पायांना लावली. "लक्ष्मी घरात पायांनीच येते ना, मामी?" त्यांनी विचारलं. हसून हसून दमलेली मामी म्हणाली, "ते मात्र खरं."

मी उठून मागच्या अंगणात गेले तेव्हा काकू नळाखाली तोंड धरून बसल्या होत्या. काका पंख्याने वारा घालत होते. काकूंचे गाल मी आजवर पाहिले नव्हते इतके लाल झाले होते आणि डोळ्यांखाली सूज चढत होती. ज्या बाईने त्या पाऱ्याच्या लेपानंतर उभ्या आयुष्यात कानामागे लावल्याशिवाय गालाला काही लावलं नाही, तिने माझ्यासाठी ओंजळभर हळद फासून घेतली होती. उन्हाळाभर बसून धुतलेल्या तुपाची सगळी बरणी त्यांनी माझ्या पेटीत भरून दिली होती. मी ती घेऊन पळत आले. त्यांनी बोटभर घेतलं आणि झाकण लावून टाकलं.

"एवढं पुरे. बाकी तुझं. झाशीला ऊन काय कमी नाही."

"काकू, का केलंत असं?"

"माझ्या वेळी त्या लेपाला थांबवणारं कुणी नव्हतं ना," त्या म्हणाल्या. "जा आता. रडू नको, लाल होशील."

दुसऱ्या दिवशी अंतरपाट दूर झाला तेव्हा माझं तोंड माझंच होतं. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, सुजलेल्या, लालभडक. वरपक्षाच्या बायकांत पुन्हा तीच जुनी कुजबुज झाली. ती ऐकून मामीच त्यांच्यावर कडाडली म्हणे. हे मला पुष्कळ नंतर सासरी कळलं.

मी पहिल्या सणाला माहेरी येण्याआधीच काकांची बदली मंदसोरला झाली आणि पुढे दोन वर्षांत काकू तिकडेच वारल्या. माझं तोंड आजही उन्हात लाल होतं. मुलींना आणि नातींना मी एकच शिकवलं, आधी कानामागे. माझ्या घरात ते आता म्हणीसारखं झालं आहे. ज्यांची ती म्हण, त्यांना कुणीच पाहिलेलं नाही. मी मात्र त्यांना शेवटचं पाहिलं ते ग्वाल्हेर स्टेशनवर.

गाडी सुटायच्या बेतात होती. आई, आत्या, दादा सगळे रडत होते. काकू जरा मागे, सावलीत उभ्या होत्या, हातात ती काळी छत्री. तोंडावरची सूज अजून उतरली नव्हती. भुवया जोडलेल्या, गाल पेटलेले, आणि त्या थेट आमच्या खिडकीकडे रोखून बघत होत्या. तोवर माझ्याशी एक शब्दही न बोललेला माझा नवरा हळूच वाकला आणि त्याने आयुष्यातलं पहिलं वाक्य मला विचारलं.

"त्या बाई माझ्यावर एवढ्या का रागावल्या आहेत? माझं काही चुकलं का?"

गाडी हलली. काकूंनी माझ्याकडे बघत एक बोट स्वतःच्या कानामागे लावलं, मग तेच बोट माझ्या नवऱ्याच्या दिशेने केलं. मला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं.

"नाही हो," मी म्हटलं. "त्या हसताहेत."